साडेसहाची पंगत

२९ नोव्हेंबर, शनिवार

रितेश आज पनवेलहून आला आणि जेवताना म्हणाला, तुम्हाला आणि आईला बोटीवर पाठवतोय. मुंबईहून गोवा आणि परत, चार रात्री, मध्ये नुसता समुद्र. माझा घास हातातच राहिला.

चौथीत आम्हाला समुद्राची एक कविता होती. गुरुजी ती चालीवर म्हणून घ्यायचे आणि आम्ही चाळीस पोरं लाटांसारखे मागेपुढे डुलायचो. आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. गुरुजींनीही नव्हता, हे ते निवृत्त झाल्यावर कळलं. पस्तीस वर्षं मी महाड डेपोत कंडक्टर होतो, पण सगळी वर्षं घाटात आणि दऱ्यांत गेली. आता एकाहत्तराव्या वर्षी ती कविता प्रत्यक्ष पाहायला मिळणार.

तुळजाला मात्र जेवणाचीच काळजी. रितेशने समजावून सांगितलं. संध्याकाळचं जेवण मोठ्या दालनात. प्रत्येकाला टेबलाचा नंबर आणि वेळ ठरवून दिलेली. चारही दिवस तेच टेबल, तीच माणसं, तोच वाढपी. पहिली पंगत साडेसहाला, दुसरी पावणेनऊला. ज्याला हे नको त्याने वरच्या मजल्यावर जाऊन हाताने वाढून घ्यायचं.

"तीच माणसं म्हणजे कोण?" मी विचारलं.

रितेशला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, ते बोटवाले ठरवतात.

जेवण झाल्यावर तुळजा पडवीत जाऊन कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होती. "हा म्हनाले गो," एवढं ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, लोणच्याच्या लिंबांचं बोलत होते.

३ डिसेंबर, बुधवार

नाक्यावर चांगूच्या टपरीवर कळलं की हैबती वीस तारखेला घर बंद करून डोंबिवलीला लेकीकडे चालला आहे. कायमचा. चांगू हे सांगताना माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. त्याने आणखी घातली. तरी कमीच लागली.

दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून लिहितो. हैबती माझा ड्रायव्हर. एका गाडीवर आम्ही बावीस वर्षं काढली. दुपारी गाडी उमरठला उभी असायची तेव्हा दोघांत एक डबा, त्याची भाकरी आणि माझी भाजी. जेवण झालं की मी कविता म्हणायचो. पाठातल्या संपल्या की माझ्या स्वतःच्या. त्याला त्यातलं काही कळत नाही असं तो म्हणायचा, पण कधी उठून गेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या अंकिताचं लग्न झालं. आमच्याकडे पंगत वाढून झाली की कुणीतरी श्लोक म्हणतो, मग सगळे घास घेतात. मी श्लोकाच्या जागी स्वतः रचलेली कविता सुरू केली. नवरीच्या पाठवणीवर, बेचाळीस ओळी. सत्ताविसाव्या ओळीला हैबती वरणाची बादली घेऊन मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाला, "म्हैपती, आता डबल बेल दे. लोकं उपाशी हायत."

मांडव हसला. नवरीही हसली. मी पानावरून उठलो.

आमच्या वाडीची रीत आहे. पानावरून उठलेला माणूस त्या यजमानाच्या पंगतीला परत बसत नाही, यजमान स्वतः येऊन हाताला धरून नेईपर्यंत. मी वाट पाहिली. तो आला नाही. त्याचं म्हणणं असं कानावर आलं की उठला तो, मग जायचं मी का? यात नऊ वर्षं गेली. तो डोंबिवलीला जाईना का. उरलेल्या पंधरा ओळी मी कुणालाही ऐकवलेल्या नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

पनवेलला रितेशच्या घरातून लिहितो. सकाळी महाडहून रिक्षाने वीर स्टेशनला आलो. बॅग ओळखू यावी म्हणून सूनबाईने, सोनालीने, आमच्या बॅगांना पिवळ्या फिती पाठवल्या होत्या, त्या तुळजाने बांधल्या. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला हैबती आणि त्याची चंद्रभागा उभी दिसली. त्यांच्याही बॅगेला पिवळी फीत. हल्ली ती फॅशनच दिसते.

मी पाठ फिरवली. तुळजाला म्हटलं, वीस तारीख म्हणाला आणि आजच चालला, बोलण्याचा धरबंध नाही या माणसाला. ती म्हणाली, जाऊ द्या, ते त्यांच्या वाटेनं जातील, आपन आपल्या.

८ डिसेंबर, सोमवार

बोट म्हणजे अख्खा महाडचा बाजार उचलून पाण्यावर ठेवावा तसली. दुपारी चारला किनारा सुटला. कठड्याला टेकून मला एक ओळ सुचली: निळ्या पाटीवर कुणी ओढली पांढरी रेघ. दुसरी सुचेना. तेवढ्यात तुळजाने जेवायची आठवण केली.

आमच्या कार्डावर टेबल एकशे सत्तेचाळीस, वेळ साडेसहा. दालनाच्या दारात काळ्या कोटातल्या उंच बाई प्रत्येकाचं कार्ड बघून आत सोडत होत्या, अगदी आमच्या तिकीट तपासनिसासारख्या. टेबल चौघांचं होतं. दोन खुर्च्यांवर हैबती आणि चंद्रभागा बसलेली.

दोन हजार माणसांच्या बोटीत, शेकडो टेबलांत, हे टेबल. शाळेत आम्हाला संभवनीयता शिकवली नव्हती, पण इतकं मलाही कळतं की असं लाखात एकदा घडतं. मी तुळजाकडे पाहिलं. ती चंद्रभागेला विचारत होती, तुमाला खिडकीची खोली भेटली का गो? बायका योगायोगाला फार लवकर सरावतात.

मी उभ्या उभ्या विचार केला. रीत सांगते, त्या यजमानाच्या पंगतीला बसायचं नाही. इथे यजमान बोट आहे. म्हणजे बसायला हरकत नाही, बोलायला मात्र आहे. मी बसलो. हैबतीने मेनूचं कार्ड तोंडासमोर धरलं. उलटं धरलं होतं. मी सांगितलं नाही.

वाढपी मणिपूरचा, पन्नाशीचा, फार सौजन्याचा माणूस. त्याने हिंदीत समजावलं. कार्डाचे तीन भाग: आधीचं, मधलं, शेवटचं. जे हवं ते, हवं तितकं मागा, पण मागितलं तरच येईल. आणि टेबलावरच्या सगळ्यांचं आधीचं संपल्याशिवाय कुणालाही मधलं येणार नाही.

आधीचं म्हणून वाटीभर सूप आलं. ते संपल्यावर त्याने विचारलं, आता मधलं काय आणू? मी म्हटलं, नको नको, पोट भरलं. हैबतीने टेबलावर हात आडवा धरला. बायकांनीही धरला. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. वाढप्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा त्याने वाढायचंच आणि मग आपण म्हणायचं, अहो एवढं कशाला. या भल्या माणसाने चार आडवे हात पाहिले, मान लववली आणि थेट आइस्क्रीमचे गोळे आणून ठेवले.

सातला आम्ही सूप आणि आइस्क्रीमवर उठलो. सगळेच "झालं बाबा जेवण" म्हणत.

अर्ध्या तासाने मी, जरा वारं खाऊन येतो असं तुळजाला सांगून, वरच्या मजल्यावर गेलो. थाळी घेऊन पाच मिनिटं उभा राहिलो, कुणी वाढेना. मग आठवलं की हाताने घ्यायचं असतं. वळलो तर समोर हैबती, थाळीत पुऱ्यांची चळत. अकरा होत्या. मी मोजल्या असं नाही, कंडक्टरच्या डोळ्यांची सवय आहे. आम्ही एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवलं. खांबापलीकडे तुळजा आणि चंद्रभागा एका थाळीत बिर्याणी खात होत्या.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी काळ्या कोटातल्या बाईंना गाठलं. मोडक्या हिंदीत विनंती केली की मला टेबल बदलून द्या. त्यांनी यंत्रात बघून सांगितलं की असं कसं, तुम्हा चौघांचं बुकिंग एकत्रच आहे, एकाच कुटुंबाचं म्हणून नोंद आहे. मग माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटरची चूक. दोन्ही घरं पोलादपूर तालुक्यातली, दोन्ही बिऱ्हाडं म्हातारी, त्याने एकत्र बांधून टाकलं. बाईंना हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी त्यांनी दुसऱ्या पंगतीला दोघांचं टेबल दिलं.

तुळजाला आनंदाने सांगितलं. ती केस विंचरत होती. वळलीही नाही.

"तुमी जा. मी साडेसहालाच जेवनार."

"आणि लोक काय म्हणतील? नवरा एका पंगतीला, बायको दुसऱ्या?"

"लोकं नऊ वर्सं म्हनतायत ते पुरं हाय."

कॉम्प्युटरच्या चुकीचं खापर ती माझ्यावर का फोडते कळत नाही.

सातच्या सुमारास मी सहज दालनावरून चाललो होतो. दार काचेचं आहे. एकशे सत्तेचाळीसवर तिघं जेवत होती, भरल्या ताटांनी. हैबतीने वाढप्याला तीनदा विचारायला शिकवलेलं दिसलं, कारण तो शेजारच्या टेबलावरच्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईंनाही तीन तीन वेळा विचारत होता आणि त्या घाबरून माशाचा दुसरा तुकडा घेत होत्या.

वाढपी ये-जा करताना दार उघडायचं आणि हैबतीचा आवाज बाहेर यायचा. तो गोष्ट सांगत होता, आमच्या नवरदेवाची. ब्याण्णव साली आंबेनळी घाटात वऱ्हाडाची गाडी पाणी भरायला थांबवली होती. नवरदेव आडोशाला गेला आणि गाडी त्याला सोडून तीन किलोमीटर पुढे आली.

"मग काय," हैबती म्हणाला, "घेतली गाडी रिवर्स. घाटात. तीन किलोमीटर."

मी काचेला नाक लावून उभा होतो. गाडी एक वीतही मागे गेली नव्हती. मी धावत मागे गेलो होतो, चपला हातात घेऊन. दुधाच्या टेम्पोत नवरदेवाला पुढे बसवला आणि मी मागे कॅनवर, त्याच्या मुंडावळ्या सांभाळत. हैबती गाडीत विडी ओढत बसला होता.

तुळजा हसत होती. तिला खरं काय ते माहीत आहे आणि तरी हसत होती.

पावणेनऊला दोघांच्या टेबलावर बसलो. वाढप्याने समोरचे काटे-चमचे उचलून नेले, तेवढा भाग ओसाड दिसायला लागला. मधलं लगेच आलं. थांबायला कुणी नव्हतंच. पदार्थ चांगला होता, नाव विसरलो.

१० डिसेंबर, बुधवार

गोवा. बायकांनी एकसारख्या टोप्या घेतल्या. मला चर्चच्या पायऱ्यांवर बसवून ठेवलं होतं.

दुपारी वरच्या मजल्यावर मणिपूरचा वाढपी भेटला, दिवसा तो तिथे असतो. मला म्हणाला, तुमचे दोस्त काय ड्रायव्हर आहेत, घाटात पाच किलोमीटर रिवर्स. मी म्हटलं, काल तीन होते. तो म्हणाला, आज सकाळी नाश्त्याला पाच झाले, स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे.

मी विचारलं, त्या गोष्टीत कंडक्टर होता का? त्याने आठवून पाहिलं. नव्हता म्हणाला.

पाच किलोमीटरचं मला काही नाही. ड्रायव्हर लोक वाढवून सांगतात. पण कंडक्टरशिवाय एसटी सुटली कशी, हे कुणी विचारू नये?

रात्रीचं जेवण वरच उरकलं. दोघांच्या टेबलावर परत जाववेना.

११ डिसेंबर, गुरुवार

आज जसं घडलं तसं लिहितो.

दिवसभर नुसता समुद्र. शेवटचं जेवण, आणि नंतर नऊ दिवसांनी वीस तारीख, हे मी कठड्याशी बसून दोनदा मोजलं. साडेसहाला जुनं कार्ड दाखवून दालनात गेलो. काळ्या कोटातल्या बाईंनी काही विचारलं नाही, उलट हसल्या. एकशे सत्तेचाळीसवर माझी खुर्ची, माझे काटे-चमचे मांडलेले होते. कुणी कशाला मांडून ठेवले असतील? मी बसलो.

आधीचं आलं. तिघांनी खाल्लं. मी चमच्याने नुसतं ढवळत राहिलो. वाढपी येऊन बघायचा, माझी वाटी भरलेली, परत जायचा. मी संपवल्याशिवाय मधलं यायचं नव्हतं. चंद्रभागा पाव कुरतडत होती. तिला साखरेच्या गोळ्या वेळेवर खाऊन वेळेवर जेवावं लागतं, हे मला माहीत होतं. मला त्या मांडवातल्या पंगतीची आठवण झाली. माझ्यामुळे भात निवला होता. हे खरं आहे आणि मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात वाढप्याने, शांतता मोडावी म्हणून असेल, हैबतीला म्हटलं, साहेब, ती नवरदेवाची गोष्ट पुन्हा सांगा ना. हैबतीने घसा साफ केला. घाट, पाणी, आडोसा. मग म्हणाला, "और मैंने गाडी डाली रिवर्स में..."

"एक वीतही गेली नव्हती," मी म्हणालो.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. नऊ वर्षांत त्याला उद्देशून पहिलं वाक्य, आणि ते असलं.

हैबतीने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "मंग नवरदेव आला कसा?"

"मी आणला. धावत गेलो. तुला माहीत आहे."

"माहीत हाय ना. पन तुजं नाव घ्यायचं नाय असं ठरवलेलं मी." त्याने चमचा खाली ठेवला. "कंडक्टरच नाय म्हटल्यावर नवरदेवाला आनायचा कुनी? मंग गाडीच मागं घ्यावी लागली. लई तरास झाला रे. घाटात रिवर्स सोपी असते काय?"

आधी चंद्रभागा हसली, मग तुळजा. मी हसलो नाही. वाढपी काही न कळताच हसत होता.

"दर वेळेला मागं घ्यायचो," हैबती म्हणाला, "आन् दर वेळेला वाटायचं, म्हैपती असता तर दोन मिनटात आनला असता."

मी वाटी उचलून तोंडाला लावली आणि सगळं सूप पिऊन टाकलं. गार झालं होतं. "आणा," मी वाढप्याला म्हटलं, "यांना उशीर होतोय." त्याने सवयीने दुसऱ्यांदा विचारलं. चौघंही एकदम म्हणालो, आणा.

मधल्यावर मी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, चपला, टेम्पो, कॅन सगळं. हैबती मध्ये मध्ये दुरुस्त करत होता. विडी नव्हती, तंबाखू होती म्हणे. तेवढं मी मान्य केलं.

मग मीच म्हणालो, लग्नात माझं जरा लांबलंच होतं. तो म्हणाला, "जरा?" नंतर माशाचे काटे काढता काढता म्हणाला, "हसायला नको होतं लोकांनी. माज्या ध्यानातच आलं नाय, लोकं हसतील असं."

नऊ वर्षं मी समजत होतो, त्याने लोकांना हसवायलाच ते म्हटलं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी मुंबई दिसायला लागली. उतरायच्या दिवशी नाश्त्याला नंबर नसतो, वेळ नसते, टेबलं ठरलेली नसतात. जागा मिळेल तिथे बसायचं. बायका बॅगा भरत होत्या, मी एकटाच खाली गेलो. दालनात जत्रेसारखी गर्दी, ज्याला त्याला घाई.

खिडकीशी हैबती बसला होता. समोरच्या खुर्चीवर त्याने स्वतःचा रुमाल टाकून ठेवला होता, एसटीत खिडकीतून टाकतात तसा. एक सुटाबुटातले गृहस्थ त्याच्याशी वाद घालत होते की खुर्ची रिकामी आहे, जागा अशी धरता येत नाही. काळ्या कोटातल्या बाईही आल्या होत्या. हैबती हात जोडून सगळ्यांना एकच सांगत होता, "आदमी आ रहा है."

मी गेलो, रुमाल उचलला, घडी करून त्याच्या हातात दिला आणि बसलो.

"किती वेळ लावलास रे," तो म्हणाला. "तिघांशी भांडलो."

मग डोंबिवलीचं निघालं. जाणं ठरलेलंच आहे. गुडघ्यांमुळे चंद्रभागेला वाडीची चढण होत नाही. आठ दिवस उरलेत. मंगळवारी त्याच्याकडे जेवायचं ठरलं, भांडी बांधायच्या आत. गुरुवारी माझ्याकडे. बाकीच्या दिवसांचं अजून ठरलं नाही. उतरण्याची सूचना तीनदा झाली, वाढपी आजूबाजूची टेबलं पुसायला लागले, तुळजा दारातून हातवारे करत होती.

"ऱ्हाऊ दे त्यांना उभं," हैबती म्हणाला आणि माझ्या बशीतला अर्धा पाव उचलून घेतला.